तक्रार क्रमांक ३१८, गिटारसह

माणसाचा आवाज किती चढलाय, यावरून त्याची तक्रार किती जुनी आहे हे बिनचूक सांगता येतं. पहिल्या आठवड्यात तो 'जरा बघा ना' म्हणतो, सहाव्या महिन्यात टेबल बडवतो आणि तिसऱ्या वर्षी शब्द संपून नुसता आवाज उरतो. या तिसऱ्या अवस्थेला अजाण लोक हेवी मेटल म्हणतात.

या शास्त्रातला अधिकारी पुरुष म्हणजे पाणीपुरवठा कार्यालयाच्या तक्रार खिडकीवरचा कारकून. अठरा वर्षं लोक ओरडत आले आणि तो शांतपणे पोच देत आला. (मित्र त्याला 'खिडकी' म्हणत. बायकोही म्हणे, पण फक्त रागावल्यावर.) त्याच्याकडे एकही तक्रार प्रलंबित नव्हती, आणि त्याबद्दल येत्या सोमवारी त्याची बढती पहिल्या मजल्यावर व्हायची होती. पहिल्या मजल्यावर नागरिक येत नाहीत. तिथे नुसता पंखा असतो. त्या पंख्यासाठी त्याचा जीव तुटत होता.

या आनंदाप्रीत्यर्थ दोन शाळासोबत्यांनी त्याला शनिवारी संध्याकाळी गावातल्या मेटल कॉन्सर्टला नेलं. एक दातांचा डॉक्टर, दुसरा भूगोलाचा मास्तर.

"लेका, अठरा वर्षं आरडाओरडा फुकटात ऐकतोयस," डॉक्टर म्हणाला, "एकदा तिकीट काढून ऐक."

सभागृह एरवी बुद्धिबळाच्या स्पर्धांना देत, त्यामुळे भिंतीवर 'शांतता राखा' अशी पाटी होती. ती न काढण्यामागे व्यवस्थापनाचा काही विचार असावा. प्रेक्षक चारशे; पैकी काळे शर्ट तीनशे एक्क्याण्णव. उरलेल्या नवांत हे तिघं, आणि सहा जण वादकांचे आईवडील.

गायक दिवसा वेल्डिंग करायचा. त्याने माइक जवळजवळ गिळला आणि पोटातून असा काही आवाज काढला की पहिल्या रांगेच्या कानठळ्या बसल्या.

"खालची उजवी दाढ किडलीय," डॉक्टर म्हणाला.

"पण म्हणतोय काय तो?" मास्तरने विचारलं.

"ते कळत नाही. तीच तर गंमत आहे."

कारकुनाला मात्र शब्द न् शब्द कळत होता. तिसरा मजला. कोरडा नळ. सत्तरीची आई बादल्या वाहते. तीन वर्षं! ही तक्रार क्रमांक तीनशे अठरा होती. ती त्यानेच निकाली काढली होती, स्वच्छ अक्षरात शेरा मारून: 'तक्रारदार समाधानी.' (हा शेरा मारताना तक्रारदाराला विचारावं लागत नाही, ही कार्यालयाची जुनी सोय आहे.)

एवढ्यात चारशे लोक एकदम जोरजोरात माना हलवू लागले. बैठकीत याच्या दहाव्या हिश्शाने माना हलल्या तरी ठराव एकमताने मंजूर धरतात. कारकुनाने डॉक्टरची बाही ओढली.

"चला रे, घरी जाऊ."

"थांब ना, अजून 'महासंहार' बाकी आहे," मास्तर गाण्यांच्या यादीचा कागद बघून म्हणाला.

दुसरं गाणं हे पहिल्याचं स्मरणपत्र होतं. तिसरं दुसऱ्याचं. चौथ्यात आई जिन्यात बसून राहिली, आणि कारकुनाला लाज वाटली. अठरा वर्षांत पहिल्यांदाच, आणि तीही सुट्टीच्या दिवशी.

तो उठला, मंचावर चढला आणि माइक हिसकावून म्हणाला, "ती तक्रार मी बंद केली! मी खोटं लिहिलं!"

हे पाचवं गाणंच समजून सभागृह डोक्यावर घेतलं लोकांनी. "पुन्हा! पुन्हा!" कारकून नियमाने चालणारा माणूस, नागरिकांनी मागितलं म्हणून त्याने कबुली सात वेळा दिली. पाचव्या वेळी ढोल लागले. सातव्या वेळी त्याचा घसा फाटला आणि त्याला आयुष्यात प्रथमच हलकं वाटलं. गायकाने त्याला मिठी मारली.

"काका, आवाज कसला जबरी आहे तुमचा!"

"अहो, तुमच्या नळाचं मीच..."

"ऐकू येत नाही, कानात बोळे आहेत!" गायक आनंदाने ओरडला.

म्हणजे गुन्हा जाहीर झाला होता, आणि एकाही माणसाला कळला नव्हता. पंखा अजून शाबूत होता. रविवारभर कारकून जेवला नाही. सोमवारी त्याने आपल्या हाताने फाइल उघडली, शेरा खोडला आणि खाली लिहिलं, 'तक्रारदार समाधानी नाही. मी ऐकलं आहे.' बढती गेली. नळाला नवव्या दिवशी पाणी आलं. वेल्डरची आई आता दुपारी झोपते, आणि वेल्डरने आपली कला वीज खात्याकडे वळवली आहे. कारकून अजून खिडकीतच बसतो. साहेबांच्या मते त्याची प्रकृती बरी नसावी.

कार्यालयाने त्यानंतर शहरात ओरडणाऱ्यांची रीतसर मोजणी केली. खिडकीवर ओरडणारे दोनशे सहा. मंचावर ओरडणारे दोन. बाकी समस्त जनता घरी ओरडते: नळ कोरडा असला की बायकोवर, लिफ्ट बंद पडली की पोरांवर, साहेब बोलला की म्हाताऱ्या आईवर. त्या मोजणीत तुमचंही घर आहे, वाचकहो. काल तुम्ही ज्या माणसावर ओरडलात, त्याने तुमची कोणती फाइल बंद केली होती?