दोन डाव्या बाह्यांची मोहीम, ऊर्फ चिरंजीवांचे कादंबरीस एजंट मिळाल्याची हकीकत

शिलाईकामाचे दौलतीच्या धनीण, अखंड-कात्रीधारी मातोश्रीसाहेब, यांचे कारकिर्दीत जे वर्तमान घडले ते येणेप्रमाणे लिहिले असे. वाचून पुढील पिढीने शहाणे व्हावे. ते न साधल्यास निदान गप्प बसावे.

प्रथम तक्रार. चिरंजीवांची वर्तणूक बिघडली. एकुलते एक पुत्र, कापणीच्या टेबलाचे वारस, हाती कात्री द्यावी तो पेन धरीत, गिऱ्हाईक दारी तिष्ठत आणि हे इस्त्रीचे टेबलाआड बसून कादंबरी लिहीत, ऐसी तीन वर्षे चालली. होता होता सहाशे बारा पाने सिद्ध जाहली, आणि त्याच धामधुमीत बँकेच्या साहेबांचा कोट शिविताना चिरंजीवांनी त्यास दोन्ही बाह्या डाव्याच लाविल्या. तो कोट मातोश्रींनी येत्याजात्यास दिसेल ऐसा खुंटीवर टांगिला, आणि रोज सकाळी त्याजकडे बोट करून "हे बघा आमचे साहित्यिक" म्हणावे, मग चहा घ्यावा, ऐसा दरबारचा शिरस्ता पडला.

आता कादंबरी लिहिली म्हणून छापून निघते ऐसे नाही. थोर प्रकाशकांचे वेशीआत नवखा लेखक परभारे जाऊ पावत नाही. मध्ये लिटररी एजंट म्हणून एक जमात आहे. ती लेखकाचा हात धरून प्रकाशकाकडे नेते आणि करारमदार करिते. आणि त्या एजंटाची मर्जी संपादावी तर अर्जी, एका पानात सारी कथा आणि आरंभीची पन्नास पाने, ऐसा नजराणा रवाना करावा लागतो.

"म्हणजे दारवान," मातोश्री म्हणाल्या. "आणि दारवानालाही अर्ज?"

"पद्धत आहे आई तशी."

"मेली ती पद्धत," ऐसे बोलून त्यांनी दोरा दातांनी तोडिला.

मग चिरंजीवांनी मोहीम मांडिली आणि ई-मेलावर खलिते सुटले. पहिल्या खलित्याचा तीन महिने ठाव लागला नाही. दुसऱ्याचा जबाब इतक्या त्वरेने आला की मातोश्रींनी ताडिले, एवढ्या वेळात साधे बटण लागत नाही, यांनी पन्नास पाने काय डोंबल वाचिली? एकाने तर चिरंजीवांस, मिशा असता, "प्रिय लेखिका" ऐसे संबोधिले. ऐसे एकतीस मोर्चे लाविले आणि एकतीस ठिकाणी हार खाल्ली. मजकूर सर्वांचा एकच, की लेखन उत्तम, परंतु आमचे यादीत बसत नाही.

तेव्हा मातोश्रींनी फर्मान काढिले की, बत्तिसावा नकार येताच पेन खणात, कात्री हातात, आणि पुन्हा कादंबरी हे नाव या छपराखाली निघणे नाही. चिरंजीवांनी मान खाली घालून कबूल केले. वारस एका नकाराचे अंतरावर आला. परंतु मातोश्रींस त्या दिवशी जेवण गोड लागले नाही. एकतीस परक्यांनी आपले पोरास नाही म्हणावे आणि आपण एक पानही पाहिले नसावे, हा सल काळजात रुतला.

"माझ्या पोराला नावं ठेवायची तर ती मी ठेवीन," त्या सूनबाईंस म्हणाल्या. "तो मान माझा. काढ ते बाड, वाच."

मातोश्रींची शाळा चौथीत सुटली. अक्षर ओळखीचे, परंतु सहाशे पाने म्हणजे परमुलूख. सबब दुपारी गिऱ्हाईक ओसरता सूनबाईंनी वाचावे आणि मातोश्रींनी काजे करीत ऐकावे, ऐसे ठरले. चिरंजीव इस्त्रीआड दडून राहिले. वाचन चालले आणि सुई चालली. नायकाचे पणजोबा जाहले, आजोबा जाहले, त्यांचे दोन चुलते जाहले, आणि सुई कोठे म्हणून अडखळली नाही. चाळीस पानांत एकोणीस काजे उरकली.

"एकोणीस काजं झाली आणि तुझ्या नायकाचा अजून जन्म नाही," मातोश्री इस्त्रीकडे पाहून कडाडल्या. "कापड आहे म्हणून कोणी पायघोळ सदरा शिवतं का रे?"

आणि मग एकेचाळिसावे पान आले, आणि कथा उडी घेऊन एकदम आजचे काळी आली. त्यात एक म्हातारी शिंपीण, नायकाची आई, उद्धट गिऱ्हाइकास त्याचेच अर्धवट पँटीसह रस्त्यावर हाकलून देते, आणि मग आत येऊन, कोणी पाहत नाहीसे पाहून, हात थरथरतात म्हणून ते मांडीखाली दाबून बसते. येथे सुई थांबली. थांबली ती बोटात.



"ही थेरडी कोण?" मातोश्रींनी पुसले. मग सूनबाईंकडे वळल्या. "अशी बोलते का गं मी?"

"नाही हो सासूबाई," सूनबाई म्हणाल्या, "तुम्ही याहून जास्त बोलता."

मातोश्रींनी बोट चोखले, टेबलावरचा खडू उचलिला, आणि एकेचाळिसाव्या पानाचे माथ्यावर, जेथून कापावयाचे तेथे गिरवितात तैसी, आडवी रेघ ओढिली. "सुरुवात इथून. वरचं सगळं कापून टाक. आणि ते हात थरथरल्याचं..." चिरंजीवांनी इस्त्रीआडून डोके वर काढिले. "ते राहू दे."

मग आठ दिवस चिरंजीवांनी कापिले, जोडिले, पुन्हा कापिले. एका पानाची कथा महिनोन्महिने जुळत नव्हती, ती मातोश्रींनी भाजी निवडता निवडता चार वाक्यांत सांगितली. बत्तिसावी एजंटबाई ई-मेलास हात न लावणारी, कागदच मागणारी. म्हणून पन्नास पानांचे पुडके बांधून मातोश्रींनी स्वहस्ते टपालात घातले.

दुसरे दिवशी चिरंजीव पावतीपुस्तक घेऊन पांढरेफटक येते जाहले.

"आई, पुडक्याला दुकानाची चिठ्ठी टाचलीस?"

"मग? माझ्या दुकानातून बिनचिठ्ठीचा माल कधी गेलाय?"

पुस्तकात राहिलेल्या स्थळप्रतीवर मातोश्रींचे ठसठशीत अक्षरांत लिहिले होते: ट्रायल गुरुवारी चार वाजता. सुधारणा करून मिळेल. माल परत घेतला जाणार नाही.

"संपलं," म्हणून चिरंजीव खाली बसले. त्यांनी आपण होऊन पेन खणात ठेविला आणि कात्री उचलिली. मातोश्रींस जे तीन वर्षे हवे होते ते डोळ्यांसमोर उभे राहिले, आणि त्यांस ते पाहवेना.

गुरुवारी चारचे ठोक्यास चष्मा लाविलेली एक बाई, बोटास पट्टी, हाती चिठ्ठी, दुकानाची पायरी चढली.

"ट्रायलला आले," ती म्हणाली.

मातोश्रींनी सवयीने टेप गळ्यात घातली. "कपडा कुठला?"

"पन्नास पानं. टाचणी लागली मला तुमची." मग ती मातोश्रींकडे टक लावून पाहू लागली आणि हळूच म्हणाली, "पान एक. तुम्हीच ना त्या?"

"पुढे बोला."

वाटाघाट मातोश्रींनीच केली. चिरंजीव कात्री हाती धरून ऐकत राहिले. एजंटबाईंनी उरलेला ग्रंथ नेला आणि पंधरा दिवसांनी करारनामा घेऊन परत आल्या, परंतु अट घातली की शेवट काखेत आवळतो, सैल करून मिळावा.

"बाई जाणकार आहे," मातोश्री सूनबाईंचे कानी लागल्या, आणि मोठ्याने म्हणाल्या, "तीन महिन्यांत देतो."

येणेप्रमाणे कापणीच्या टेबलावर, कागद उडू नये म्हणून वर इस्त्री ठेवून, उभयपक्षी सह्या जाहल्या. एकतीस हारींउपरी बत्तिसावा गड हस्तगत जाहला. आपला मनुष्य एकही पडला नाही, शत्रूकडील एक बोट मात्र जखमी. मोहीम फत्ते जाहली, ही नोंद पावतीपुस्तकाचे अखेरचे पानी मातोश्रींचे सहीशेजारी खडूने करण्यात आली.

मग एजंटबाई गेल्यावर मातोश्रींनी कात्री चिरंजीवांचे हातून काढून सूनबाईंचे हाती दिली, खणातून पेन काढून चिरंजीवांपुढे ठेविला, खुंटीवरील कोट उतरवून त्यांचे मांडीवर टाकिला आणि निवाडा सांगितला:

"लिहितोस बरं. शिवतोस भिकार. तू आपला पेनच धर. पण उजव्या खांद्यावरची ती डावी बाही तूच उसवायची, आणि आत्ता."