उंबरठ्यासकट

आमच्या घरी कुणी नवा पाहुणा आला की त्याला घर दाखवायचं काम आमचे भाडेकरू करत. खरं तर ते घर दाखवत नसत, घरातले दोष दाखवत. फाटकापाशी पाहुण्याची गाठ पडली की ढोलेकाका त्याला खालच्या मजल्यावर, म्हणजे स्वतःच्या बिऱ्हाडात नेत आणि चहा होईपर्यंत फिरवून आणत. "हे पाहा. बैठकीतल्या दिव्याचं बटन कुठं आहे? स्वयंपाकघरात. म्हणजे पाहुण्याचं तोंड पाहाचं असन तर आत बाईले आवाज द्या लागते." मग मधल्या खोलीचा उंबरठा. तो इतका उंच की नवखा माणूस तिथं हमखास ठेचाळतो. काका त्याला आधी सावध करत नसत. तो ठेचाळला की समाधानानं म्हणत, "पाह्यलं?" शेवटी मागच्या अंगणातल्या पायऱ्या. त्यातली एकही दुसरीच्या उंचीची नाही, आणि मधली तर एका बाजूला कललेली.

हे घर माझ्या वडिलांनी इंजिनीअर न लावता, स्वतःच्या डोक्यानं बांधलं होतं. "अवि, तुह्या बापानं घर बांधलं का कोडं घातलं?" असं काका मला वडिलांच्या देखत विचारत, आणि वडील हसत. पुढे वडील गेले. मी वरच्या मजल्यावर संसार मांडला, यवतमाळातच शाळेत मास्तर झालो. पण काकांची तक्रार आणि काकांचं बिऱ्हाड दोन्ही जागचं हललं नाही.

काका कापसाच्या बाजारात काट्यावर कारकून होते. तिथं शेतकऱ्याची गाडी आली की माल ओला आहे, डागी आहे, असं काहीबाही काढून व्यापारी वजनातून थोडं कापून घेतात. त्याला कटती म्हणतात. जन्मभर हेच ऐकल्यामुळे काकांना सगळ्या जगालाच कटती लावायची सवय जडली. कुणी आपल्या मुलाच्या हुशारीचं कौतुक करायला लागलं की काका म्हणत, "कटती धरून बोला." माझं लग्न ठरलं तेव्हा मुलीचा फोटो पाहून ते मला म्हणाले होते, "फोटोत ओल असते. थोडी कटती धरजो." ही गोष्ट मी कौतुकानं बायकोला सांगितली, आणि ती ते अजून विसरलेली नाही.

निवृत्त झाल्यावर काकांनी गावाबाहेर लोहाऱ्याला घेतलेल्या प्लॉटवर घर बांधायचं ठरवलं. हाताशी जे पैसे आले होते त्यात कसंबसं एक लहानसं घर उभं राहणार होतं. चुकलं तर दुरुस्तीला मागे काही उरणार नव्हतं. "घर एकदाच होते, अवि," काका म्हणत. "चुकलं तर जन्मभर चुकीतच राहा लागते. इथं राह्यलोच ना." सुमनकाकूंनी एकच मागणं केलं होतं, बैठक मोठी हवी. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना दाटीवाटीनं बसावं लागतं याची त्यांना फार खंत वाटायची.

राऊत नावाच्या इंजिनीअरनं नकाशा काढला. मोठी बैठक, एका पातळीतली फरशी, उंबरठा कुठंच नाही, प्रत्येक दिव्याचं बटन त्याच खोलीत. काका तो नकाशा घेऊन गल्लीतल्या प्रत्येक घरी जाऊन आले. आमच्याकडे दोनदा आले. माझ्यासमोर तो उलगडून म्हणाले, "घर असं असते."

त्यानंतर काकूंचा चष्मा बदलायचा म्हणून दोघं नागपूरला जाऊन आली. तिथून आल्यावर काका नकाशाबद्दल बोलेनासे झाले. मला वाटलं, सिमेंटचे भाव ऐकून आले असतील.

मग एका रविवारी सकाळी ते हातात टेप घेऊन खाली वाकलेले दिसले. आमचा उंबरठा मोजत होते. नंतर बटनाची जमिनीपासूनची उंची मोजली. मग मागच्या अंगणात जाऊन पायऱ्यांशी बसले आणि कललेल्या पायरीवर खालून वरून टेप लावू लागले. इतक्या वर्षांनी हे माझ्यावर दावा लावतात की काय असं वाटलं.

दोनेक दिवसांनी राऊत इंजिनीअरच आमच्या दारात उभे. "सर, मला एकदा तुमचं घर बघू द्या. ढोलेकाका म्हणतात, तो नकाशा फाडा आणि हे घर काढा. जसंच्या तसं." मी त्यांना खाली नेलं. त्यांनी सगळं फिरून पाहिलं, उंबरठ्याला ठेचाळले, आणि स्वयंपाकघरात येऊन बटनाकडे बघत राहिले.

"हे इथं का आहे, सर?"

"वडिलांना विचारायचं राहून गेलं," मी म्हणालो.

राऊत गेले ते डोकं खाजवतच. त्यांच्यापेक्षा वाईट अवस्था शेख मिस्त्रींची झाली. त्यांनी पायऱ्या पातळीत, सुबक बांधल्या तर काकांनी त्या तोडायला लावल्या. मी तेव्हा तिथंच होतो. मिस्त्री कळवळून म्हणाले, "काकाजी, सीधा काम सीखने में उम्र गई मेरी. आप टेढ़ा माँग रहे. लोग बोलेंगे, शेख मिस्त्री की नजर गई." एरवी काकांनी यावर काहीतरी टोला हाणला असता. त्या दिवशी ते नुसते तोंड फिरवून रेतीच्या ढिगाकडे गेले.

आमच्या घरात यावर रोज चर्चा चाले. बायकोचं म्हणणं, म्हातारा चळला. मला मात्र वाटू लागलं की काकांना आमच्या घराचा लळा लागलाय, इतकी वर्षं शिव्या दिल्या त्या वरवरच्या. या विचारानं मी फार हळवा झालो. एका संध्याकाळी त्यांना गाठून म्हणालोसुद्धा, "काका, तुमचा या घरावर एवढा जीव असेल असं वाटलं नव्हतं."

"जीव? या घरावर?" काका म्हणाले. "डोकं ठिकाणावर आहे ना तुहं?"

यापुढे विचार करणं मी सोडून दिलं.

घराचं प्लास्टर झालं तेव्हा सुट्टीच्या दिवशी मी लोहाऱ्याला गेलो. आत शिरलो, मधल्या खोलीकडे वळलो आणि त्या कोऱ्या करकरीत घरात, कोऱ्या करकरीत उंबरठ्याला असा ठेचाळलो की अंगठ्याचं नख उखडलं. माझा तोल गेला तो दोन्ही अर्थानं. "काका, हा काय वेडेपणा लावलाय? सगळे पैसे घालून हे बांधायचं होतं? जन्मभर ज्याला नावं ठेवली ते?"

काकांनी मला सिमेंटच्या पोत्यावर बसवलं. अंगठ्यावर पाणी ओतलं. मग स्वतः शेजारी बसले.

"तुह्या काकूले काचबिंदू आहे," ते म्हणाले. "नागपूरच्या डॉक्टरनं सांगतलं. बाजूचं दिसणं तर गेलंच, आता समोरचंबी हळूहळू जाइन. गेलं ते वापस येत नाही. औषधानं थोडं लांबन, एवढंच."

काकांनी त्या उंबरठ्याकडे बोट केलं.

"तुह्या घरात लाइट गेली तरी ती दिवा लावत नाही. अंधारात फोडणी देते. उंबरठा आला की पाय आपसूक उचलते. त्या वाकड्या पायरीवर पाय कसा टाकाचा, तिच्या पायाले ठाऊक आहे. मी अजूनही पडतो. आता नवीन घर देलं तर भिंती चाचपत फिरन, अवि. मले ते पाहवणार नाही."

"पण काकूंना मोठी बैठक पाहिजे होती."

"होती ना. मी सांगतलं, पैसे पुरत नाहीत." काका हातातला पाण्याचा डबा उगाच फिरवत राहिले. "तिले सांगू नोको. डॉक्टर बोलला तवा ती बाहेर बसली होती. तिले वाट्टे, नुसता नंबर वाढला."

मी कुणालाच सांगितलं नाही, बायकोलाही नाही. ती काकांना चळलेला म्हातारा म्हणत राहिली आणि मी ऐकत राहिलो.

पुढच्या आठवड्यात काका प्लॉटवर गेलेले असताना काकू वर आमच्याकडे आल्या. कठडा धरून, सावकाश. "अवि, दुकानातून रंगाचं ते कार्ड आणून देशील? त्याच्यात सारे रंग असतात ते."

"कशाला, काकू? काका तर म्हणाले, यंदा नुसता चुना मारायचा आणि रंग पुढच्या वर्षी."

"त्याच्यासाठीच तर आली. पुढच्या वर्षी नोको. आताच देऊ दे."

"एवढी काय घाई आहे?" मी बोलून गेलो, आणि लगेच जीभ चावली.

काकूंनी आवाज खाली आणला. "घाई आहे. नागपूरले डॉक्टरच्या खोलीचं दार उघडंच होतं. मी सारं ऐकलं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांच्या नाही आलं.

"त्याईले सांगू नोको," त्या म्हणाल्या. "त्याईले वाट्टे, मले काही माहीत नाही. तेवढ्याच जोरावर ते सिमेंट उचलून राह्यले. घर त्याईच्या मनासारखं होऊ दे. रंग तेवढे मले पाहून घेऊ दे."

आता माझी अवस्था राऊत आणि शेख मिस्त्रींपेक्षाही वाईट झाली. दोघांचंही गुपित माझ्यापाशी आणि दोघांनाही तोंड दाखवायचं. काकांकडे जाऊन मी म्हणालो, "रंग यंदाच देऊन टाका."

"काहून?"

कारण तर सांगता येत नव्हतं. "चुन्यावर पुढे रंग धरत नाही म्हणतात."

"कोण म्हणते?"

"सगळेच म्हणतात." मी भिंतीकडे बघत होतो. काका माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, आता पकडला जाणार. पण ते एवढंच म्हणाले, "ठीक आहे. कंपाउंडची भिंत नंतर पाहू."

रंग काकूंनी निवडले. बैठक पोपटी, मधली खोली जांभळी, स्वयंपाकघर हळदीसारखं पिवळंधमक. रंगाऱ्यानं दोनदा विचारून खात्री करून घेतली. वास्तुशांतीला आलेली माणसं आत जाताना ठेचाळत होती आणि बाहेर येताना डोळे चोळत होती. जेवणाच्या पंगतीत काकांच्या डोक्याबद्दल बरीच कुजबुज झाली. राऊत जेवायला आले होते, पण हे घर आपण काढलं असं त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

पंगती उठल्यावर काकू घरभर फिरू लागल्या. चाचपायची त्यांना कुठंच गरज पडली नाही. प्रत्येक खोलीत त्या भिंतीसमोर जाऊन उभ्या राहत आणि खालपासून वरपर्यंत पाहत. काका दोन पावलं मागे. त्यांची नजर सारखी काकूंच्या पायांकडे.

स्वयंपाकघरात दुपारचं ऊन आलं होतं. पिवळ्या भिंतीशी काकू थांबल्या आणि मागे वळल्या.

"सकाळपासून माह्या पायाकडे कायले पाहून राह्यले? मी पडत नाही. तुमीच बांधलं ना तसं घर? आता इकडे पाहा. रंग किती छान दिसते उन्हात."

काकांनी मान वर केली. आधी काकूंकडे पाहिलं, मग दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे. मी खाली पाहिलं.

"हो," ते म्हणाले. "लय छान दिसते." आणि काकूंचा हात धरून त्या भिंतीकडे पाहत उभे राहिले.