तेलाची सरासरी

मोठ्या खर्चाआधी छोटी तपासणी करावी, हे तत्त्व सर्व सुज्ञ संस्थांना मान्य आहे. ती कोणाच्या परवानगीने करावी, एवढाच काय तो मतभेद असतो.

आमच्या मालवाहतूक कंपनीचा मोठा ट्रक ऑटोमॅटिक आहे, म्हणजे गिअर त्याचा तोच बदलतो. अलीकडे तो बदलण्याआधी बराच विचार करू लागला (आमच्याकडे इतकी वर्षं काढल्यावर हे व्हायचंच). इंजिन गरजायचं आणि ट्रक जागचा हलायचा नाही. नवा गिअरबॉक्स घ्यावा, की ड्रायव्हरकाकांना घरी बसवावं, हे ठरवायला समिती नेमली गेली. मी तिचा सचिव. काकांच्या घरात कमावणारे ते एकटेच, त्यामुळे चौकशीत त्यांना आमच्यापेक्षा जास्त रस होता.

मेकॅनिक म्हणाला, आधी गिअरबॉक्सचं तेल बघा. त्यासाठी ट्रक सपाट जागेवर हवा आणि इंजिन गरम नि चालू हवं. इथे पेच पडला. डिझेल वाचावं म्हणून मालकीणबाईंचा (त्यांना सगळेच आत्या म्हणतात) कडक नियम होता: फाटकाच्या आत इंजिन बंद. आणि सपाट जागा काय ती फाटकाच्या आत, बाहेर नुसता चढ.

आत्यांना विचारून बघू, असं काकांनी सुचवलं. समितीने त्यांच्याकडे दयेने पाहिलं.

मग आम्ही शास्त्रीय मार्ग काढला. आत, इंजिन बंद ठेवून तेल मोजायची पट्टी बुडवली, तेल तिच्यावरच्या खुणेच्या बोटभर वर. बाहेर चढावर, इंजिन चालू ठेवून बुडवली, तर बोटभर खाली. दोन्हींची सरासरी काढली. तेल तंतोतंत खुणेवर आलं.

तेल बरोबर, म्हणजे माणूस चूक. काकांना घरी बसवलं. नवा ड्रायव्हर आला, तोही वाईट निघाला. त्याच्या नंतरचाही (हल्ली चांगली माणसंच मिळत नाहीत, अशी नोंद अहवालात आहे). शेवटी नवा गिअरबॉक्स बसवला. वर्कशॉपवाल्यांनी तेल नीट भरलं, ट्रक पळू लागला आणि समितीचा सत्कार झाला. थोड्याच दिवसांत ट्रक पुन्हा विचारात पडला. सरासरी तेव्हाही चोख होती.

या खेपेला आत्या स्वतः येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या भाच्याने, म्हणजे समितीच्या अध्यक्षाने, चाचरत अडचण सांगितली.

"मग मला विचारायचं की रे," आत्या म्हणाल्या. "कर चालू."

इंजिन चालू झालं. तेल कमी दिसलं, गिअरबॉक्सबाहेरची तेलाची एक छोटी, जुनीच नळी गळताना सापडली, ती बदलली, तेल भरलं आणि ट्रक सुटला. आम्ही पोट धरून हसलो, आत्याही हसल्या.

तुम्हीही हसला असाल. हसून झालं की सांगा, सचिव म्हणून मला एक नोंद करायची आहे. ड्रायव्हरकाकांना परत बोलवावं, हे तिथे उभ्या असलेल्यांपैकी कोणाच्याच मनात आलं नाही. तुमच्या आलं होतं?