दाराचा वास घेणारे परकारभाई

प्रिय सई आणि निखिल,

रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, "आजी, व्हेअर इज स्मेल अंकल?" तेव्हा खोलीत तुमचे आजोबा होते, आणि त्यांच्या पोटात काही राहत नाही. म्हणून उत्तर लिहून पाठवते आहे. परकारभाई कायमचे गावी गेले. समोरचा फ्लॅट रिकामा आहे.

तुम्ही त्यांना स्मेल अंकल म्हणायचात ते योग्यच होतं. कोणाच्याही घरी गेले की ते आधी दाराचा वास घेत. मग बेल वाजवत. आम्ही शारजात अल नहदाला राहायला आलो त्या दिवशी त्यांनी आमच्या नव्या डायनिंग टेबलाला नख लावलं, वाकून हुंगलं आणि जाहीर केलं, "भुसा. गोंद. वरती लाकडाचा फोटो." तुमचे आजोबा आठवडाभर त्या टेबलाशी बोलले नाहीत.

परकारभाई मूळचे दापोलीकडचे. शारजातल्या एका लाकडाच्या वखारीत त्यांनी चाळीस वर्षं काढली. अमेरिकेतून बोटीने येणारा पिवळा पाइन हे त्यांचं दैवत. पिवळसर अंग, त्यावर तांबूस रेघा आणि राळेचा तिखट वास. एखाद्या स्थळाची शिफारस करावी तसे ते त्याच्याबद्दल बोलत. मी शाळेत शिकवायचे, म्हणून मला टीचरबाई म्हणत. "टीचरबाई, सागाचं काय, नुसतं खानदान मोठं! हा बघा. सरळ वाढतो, वजन उचलतो, परमुलखात येऊन गपचूप काम करतो. आपल्यासारखा."

एकदा मॉलमध्ये ते एका लाकडी बाकासमोर गुडघे टेकून रेघा मोजत बसले. सिक्युरिटीवाला धावत आला. "सर, एनी प्रॉब्लेम?"

"प्रॉब्लेम नहीं, हबीबी. इसकी उमर गिन रहा हूँ."

गावी घर बांधलं तेव्हा सगळे म्हणाले, दार सागाचंच हवं. परकारभाई हसले. दर शुक्रवारी वखारीत बसून त्यांनी पिवळ्या पाइनचं दार स्वतःच्या हाताने घडवलं आणि कार्गोने पाठवलं. वाळवीचं औषध मात्र मारलं नाही. का? तर वास जातो! इथल्या कोरड्या हवेत राहून हा कोकणी माणूस कोकणचा पाऊस साफ विसरला होता.

पुढचं मला त्यांच्या बायकोने, झुबेदाने सांगितलं. ती व्हिजिट व्हिसावर आली होती, तेव्हा माझ्या ओट्याशी मेथी निवडत होती. "दुसऱ्या पावसात दार ढकललं बाई, तर हात आरपार! वाळवीने नुसता पापुद्रा ठेवलेला." तिने गावच्या सुताराकडून हुबेहूब तसंच दार करून घेतलं. सागाचं. जुन्या कड्या लावल्या, पिवळसर पॉलिश दिलं. नवरा सुट्टीवर यायच्या आदल्या दिवशी ती त्यावर टर्पेंटाइन चोळायची, पाइनचा वास यावा म्हणून. "त्यांना बोलू नका हां. माणूस मोडेल."

मी शब्द पाळला. पण परकारभाई कायमचे निघाले तेव्हा मला झोप लागेना. महिनाभराच्या सुट्टीत निभावलं, पण रोज कसं निभावणार? त्यांना तिथे उंबऱ्यात धक्का बसण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं, असं ठरवून मी समोर गेले. ते सुतारकामाचे रंधे आणि पटाशा कापडात गुंडाळत होते.

"परकारभाई, तुमच्या गावच्या दाराबद्दल..."

त्यांनी हातातली पटाशी खाली ठेवली. "झुबेदाने तुम्हाला सांगितलं?"

"म्हणजे तुम्हाला ठाऊक आहे?"

"बाई, चाळीस वर्षं लाकडात काढली. दार बदलल्यावर पहिल्याच सुट्टीत ते ओढलं आणि हाताला सागाचं वजन लागलं. वर टर्पेंटाइन इतकं, की डोळ्यांत पाणी आलं."

"मग बोलला का नाहीत?"

"ती माझ्या तोंडाकडे बघत उभी होती. पोरगी परीक्षेचा निकाल बघते ना, तशी. मी वास घेतला आणि म्हटलं, वा! पाइन तो पाइन." त्यांनी पटाशी पुन्हा उचलली. "दोन वर्षांत एक महिना घरी जाणारा माणूस मी. माझ्यासाठी दार घासत बसणारं दुसरं कोण आहे?"

मी एक रंधा त्यांच्या हाती दिला. तो गुंडाळत ते म्हणाले, "फिकीर एकच आहे. आता मी रोज घरात. ती बिचारी टर्पेंटाइन लावणार कधी? म्हणून ठरवलंय, सकाळची नमाज झाली की तासभर फिरून यायचं. गुडघे दुखले तरी."

तुम्ही दोघं त्यांच्या गावापासून पुष्कळ लांब आहात, म्हणून तुम्हाला सांगितलं. हे तुमच्याजवळच ठेवा.

काल त्यांचा फोन आला होता. ते रोज फिरायला जातात. दाराला अजून टर्पेंटाइनचा वास येतो.

तुमची,
आजी