मांत्रिक, पहिलवान आणि मालनबाई

सलग आठ दिवस एकही तक्रार आली नाही, तेव्हा राजकुमार सरांनी ऑफिसात इमरती वाटली.

संभाजीनगरच्या सिडकोत एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर त्यांची पाच माणसांची गेम कंपनी होती. गेमचं नाव ‘रणकुंड’. त्यात प्रत्येक खेळाडूला शंभर गुण मिळत. ते मंत्रात घातले तर तो मांत्रिक होई आणि लांबून आग, वीज, विषारी धूर असलं काहीबाही फेकी. अंगात घातले तर पहिलवान होई. जवळ जाऊन गदा हाणी. मग दोघे खेळाडू आपापल्या घरी बसून फोनवर एकमेकांशी लढत.

दोघांचं पारडं सारखं ठेवायचं, हे विशाखाचं काम. पुण्याची नोकरी सोडून ती दोन वर्षांपूर्वी मोठ्या हौसेने या कामासाठी घरी परतली होती. पण पारडं काही केल्या सारखं होईना. पहिलवान म्हणत, आम्ही जवळ पोचेपर्यंत मांत्रिक आम्हाला भाजून काढतो. म्हणून तिने जादूचा जोर कमी केला. लगेच मांत्रिक ओरडले, पहिलवान दोन फटक्यांत आमचा भुगा करतो. पहिलवान तर तरीही ओरडतच होते. तिने जादू आणखी उतरवली. ओरडा दोन्हीकडून वाढला.

तिसऱ्या वेळी सर म्हणाले होते, “विशाखा, ये आखरी है. या वेळेस नाही जमलं तर लढाईच काढून टाकू गेममधून. नुसती शेती ठेवू. नांगरतील बिचारे.”

लढाई गेली की विशाखाचं कामही जाणार, हे सांगायची गरज नव्हती. तिने तिसऱ्यांदा जादू उतरवली, गेममध्ये सूचना टाकली आणि सूचनेखाली तक्रारींसाठी मुद्दाम घेतलेल्या नव्या सिमचा नंबर दिला. तो फोन टेबलावर समोर ठेवून ती वाट पाहत बसली.

फोन वाजलाच नाही. पहिल्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. आठव्या दिवशी इमरती आली.

“जमलं!” सर म्हणाले. “अगं, दोन वर्षांत असं कधी झालंय का? आता स्पर्धा घ्यायची. दोनशे खेळाडू, येत्या रविवारी. पोस्टर छापायला टाकलंय मी. आणि तो नंबर पोस्टरवर मोठ्ठा टाकलाय. गेम उघडला की पहिल्यांदा तोच दिसेल अशी सोयबी केली. डरने का क्या!”

विशाखाने इमरतीचा तुकडा तोंडात घातला. इतकं सगळं बरं चाललंय याचीच तिला भीती वाटत होती.

मंगळवारी दुपारी सर खेळाडूंचे अभिप्राय वाचत होते. वाचता वाचता त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“विशाखा, तू फोनवर आवाज बदलून बोलतेस का?”

“मी? कुणाशी?”

“ऐक. ‘गेम एकदम बेकार, पण हेल्पलाइनच्या मावशी लई मायेनं बोलतात.’ हा दुसरा. ‘पहिलवानाचे हाल कुत्रं खात नाही. मावशींनी ऐकून घेतलं म्हणून तीन तारे देतो.’ हा तिसरा. ‘मावशींनी आधी जेवून घ्यायला सांगितलं. जेवलो. मग पुन्हा हरलो.’ ही मावशी कोण?”

विशाखाने नव्या सिमचा फोन उचलून पाहिला. आठ दिवसांत एकच फोन येऊन गेला होता, तोही रिचार्ज करा म्हणून सांगणारा. मग तिने गेममधली सूचना उघडली. सिमच्या नंबरात शेवटी चौऱ्याहत्तर होतं. सूचनेत सत्तेचाळीस.

तिने तो सत्तेचाळीसवाला नंबर लावला. दुसऱ्याच घंटीला फोन उचलला गेला.

“नमस्कार, बोला. मांत्रिक का पहिलवान?”

विशाखाने फोन कानापासून काढून नंबर पुन्हा पाहिला.

“लाजू नका. इथं दोघांचंबी ऐकून घेतो आपण. कुठून बोलता?”

“सि… सिडकोतून.”

“सिडको? संभाजीनगर? अगं बाई, तिकडून पहिलवानाचा फोन येत नाय कधी. मांत्रिक आहात व्हय?”

“मावशी, मी… मी गेम बनवणारी आहे. नंबर चुकून तुमचा छापला गेलाय.”

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. मग बाई म्हणाल्या, “मग तू समक्षच ये. वैजापूरला. ष्टॅण्डच्या मागं मालनबाईचं घर विचार, कुणीबी दाखवील. आन् हे बघ, एक ते दोन येऊ नको. जेवायची सुट्टी असती.”

सरांना हे सांगितलं तेव्हा ते आधी पोस्टरच्या गठ्ठ्याकडे आणि मग विशाखाकडे पाहत राहिले.

“म्हणजे तक्रारी होत्या?”

“होत्या, सर.”

“बाई पोलिसात गेल्या तर? उद्या सकाळी पहिल्या गाडीने जा. पाय धर. आणि ही उरलेली इमरती घेऊन जा.”

बुधवारी सकाळी दहा वाजता विशाखा मालनबाईंच्या दारात उभी राहिली. दार एका उंच, पांढऱ्या मिशांच्या माणसाने उघडलं. ते मालनबाईंचे यजमान रामकिसन, जन्मभर एस.टी. चालवून निवृत्त झालेले.

“तूच का ती गेमवाली?” त्यांनी विशाखाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “आधी मला सांग, पहिलवानाला तू एवढं हळू काहून पळवती? मांत्रिक लांबून हॉर्न वाजवल्यासारखा आग सोडतो आन् आमचा गडी फर्स्ट गेअरमध्येच! ही काय रीत झाली?”

“ओ, तिला आत तर येऊ द्या!” आतून आवाज आला. “आन् मांत्रिकाचं काय? हाडाची काडी, एका गदेत आडवा! त्याचं कोण बघणार?”

“हे असं चाललंय,” रामकिसन विशाखाला म्हणाले. “आठ दिवस झाले, घरात दुसरा इषय नाय.”

मालनबाई खुर्चीत बसल्या होत्या. पुढ्यात टेबल, टेबलावर फोन आणि एक लांबलचक वही. विशाखा वाकून पाया पडली आणि रडवेल्या आवाजात म्हणाली, “मावशी, माफ करा. माझे दोन आकडे उलटे झाले. तुम्हाला किती त्रास झाला असेल.”

“झाला ना. पहिल्या दिवशी तर लई झाला.” मालनबाईंनी तिला शेजारी बसवलं. “खुलताबादहून एक विश्वजीत बोलला. झेरॉक्सचं दुकान आहे त्याचं, भला माणूस. म्हणतो, मांत्रिक लांबून आग फेकतोय, जवळ जाईस्तोवर मी मरतोय, कायतरी करा. मी म्हणलं, अरे लेकरा, फोन काहून करतो, पळ आधी! शेजारी कुणी हाय का? ह्यांना म्हणलं, पोलिसाला सांगा. मग तो म्हणला, मावशी, गेममध्ये. तवा कुठं जीव भांड्यात पडला.”

“मग राँग नंबर म्हणून ठेवायचा ना फोन!”

“तिघांना म्हणलं तसं. चौथ्याला नाय म्हणवलं.” मालनबाईंनी वही सरळ केली. “एकतीस वर्षं मी ष्टॅण्डवर चौकशीच्या खिडकीत बसले, पोरी. खिडकीशी आलेल्या माणसाला उत्तर न देता माघारी धाडलं नाय कधी. रिटायर झाल्यापासनं चार वर्षं मला कुणी काय विचारलंच नाय. हे तर गाडीचं टायमिंगबी विचारत नाय, त्यांनाच सगळी तोंडपाठ.”

तेवढ्यात फोन वाजला. मालनबाईंनी बोट वर करून विशाखाला गप्प केलं आणि पेन उचललं. “नमस्कार, बोला. कुठून? म्हैसमाळ. मांत्रिक का पहिलवान? पहिलवान. हं. गदा मारली पण लागलीच नाय. हं. समोरचा बाजूला सरकला होता. बरं, लिहून घेतलं. पाणी पी, मग खेळ.” त्यांनी सगळं वहीत उतरवलं आणि वही विशाखापुढे सरकवली.

वहीची आठ पानं भरली होती. तारीख, नाव, गाव, मांत्रिक का पहिलवान, तक्रार. एकूण तीनशे बारा नोंदी, एकसारख्या गोल अक्षरात.

“मावशी, तुम्ही गाव कशाला लिहून घेतलंत?”

“काहून म्हंजे? आधी कुठून ते विचारायचं, मग काय झालं ते. माणूस सांगतो ड्रायव्हर खराब हाय. खरं म्हंजे रस्ता खराब असतो.”

“शाबास!” रामकिसन दारातून म्हणाले. लग्नाला चाळीस वर्षं झाली तरी हे वाक्य त्यांना आवडायचं, असं दिसलं.

“आता बघ,” मालनबाईंनी बोट फिरवायला सुरुवात केली. “हे पहिलवान. खुलताबाद, म्हैसमाळ, वस्तीवरचे, डोंगराकडचे. शहरातला पहिलवान एक नाय. आन् हे मांत्रिक. हर्सूल, सिडको, सगळे शहरातले. मी ह्यांना कवाच म्हणलं, शहरातला पहिलवान काय लोण्याचा बनलाय का? त्याची काहून तक्रार नाय? तोबी तसाच गदा हाणतो ना?”

विशाखाने वही जवळ ओढली. एक पान वाचलं, दुसरं वाचलं. मग तिने कपाळावर हात मारला.

डोंगराकडे फोनला रेंज कमी. खेळाडूने बटण दाबलं की ते गेमपर्यंत पोचायला तिथून जरा उशीर लागे. डोळ्याची पापणी लवेपर्यंतचा उशीर. मांत्रिकाला त्याने फरक पडत नव्हता, त्याची आग लांबून यायची आणि सगळीकडे पसरायची. पण पहिलवानाला अगदी जवळ जाऊन नेमकी गदा हाणावी लागे. ती पोचेपर्यंत समोरचा बाजूला झालेला असे. शहरातल्या पहिलवानाची गदा मात्र वेळेवर पोचत होती, आणि विशाखाने तीन वेळा दुबळे करून ठेवलेले मांत्रिक तिच्याखाली भाजलेल्या पापडासारखे मोडत होते. सगळ्यांचं ओरडणं खरं होतं. पारडं मुळात सारखंच होतं. रस्ता खराब होता.

दोन वर्षं ती जादूचे आकडे उतरवत बसली होती आणि एकाही तक्रारदाराला तिने गाव विचारलं नव्हतं.

“मावशी,” ती म्हणाली आणि तिने वही छातीशी धरली. डोळे भरून आले.

“आता काय झालं? ओ, पाणी आणा! हिलाबी मांत्रिकानं मारलं वाटतं.”

त्या दिवशी मालनबाईंनी तिला जेवल्याशिवाय सोडलं नाही. एक ते दोन खिडकी बंद होती. बाजरीची भाकरी, ठेचा आणि पिठलं खाता खाता विशाखाने आपल्या दोन्ही चुका, उलटे आकडे आणि न विचारलेलं गाव, कबूल केल्या, आणि रामकिसननी तिला पहिलवानाचा पहिला गेअर बदलून घ्यायची शपथ घातली. पोस्टर तर छापून झालीत, मग स्पर्धा होईस्तोवर फोन इकडंच येऊ दे, असं मालनबाईंनी बजावलं.

शनिवारपर्यंत विशाखा खुर्चीवरून फारशी उठली नाही. तिने जादू पहिल्याइतकी करून ठेवली. मग गेमला नवी गोष्ट शिकवली: गदा कधी पोचली ते बघू नको, खेळाडूने बटण कधी दाबलं ते बघ, आणि त्या क्षणी समोरचा जिथे होता तिथेच आहे असं धर. खुलताबादच्या विश्वजीतने दुकान सांभाळून चाळीस लढती करून पाहिल्या. शेवटी त्याचा निरोप आला, “मॅडम, लागली! तीन वर्षांत पहिल्यांदा लागली!” खरं म्हणजे गेमला दोनच वर्षं झाली होती, पण विशाखाने त्याला टोकलं नाही.

रविवारी स्पर्धा पार पडली. शेवटच्या आठांत चार मांत्रिक होते आणि चार पहिलवान. राजकुमार सरांनी ती आठ नावं पुन्हा पुन्हा बोटांवर मोजली.

सोमवारी सकाळी त्यांनी खरा नंबर गेममध्ये टाकला, फोन स्वतःच्या टेबलावर ठेवून घेतला आणि बसले. संध्याकाळचे पाच वाजले तरी तो वाजला नाही.

“आता खरंच तक्रार नाही म्हणायची का?” त्यांनी घाबरत घाबरत विचारलं.

एवढ्यात विशाखाचा फोन वाजला. मालनबाई होत्या. आवाज गोंधळलेला.

“अगं पोरी, सकाळपासनं सव्वीस फोन आले.”

विशाखाने घाईने गेममधला नंबर तपासला. “मावशी, नवा नंबर दिलाय की आम्ही! काय बिघडलं?”

“कायच नाय बिघडलं. तेच तर सांगते. म्हणलं कुठून बोलता, म्हणतेत म्हैसमाळ. म्हणलं तक्रार सांगा, म्हणतेत तक्रार नाय, आता बराबर लढता येतंय, तेवढं सांगायला केला फोन. सव्वीसच्या सव्वीस तेच! मांत्रिकबी आन् पहिलवानबी!” त्यांनी दम घेतला. “पोरी, गाडी वेळेवर मिळाली म्हणून सांगायला खिडकीवर कुणी माघारी आलेलं मी पाहिलं नाय. असल्या माणसाला काय बोलावं, मला सुचेना.”

“मग काय बोललात?”

“म्हणलं, रविवारी चहाला या.”

“सगळ्यांना?”

“एकाला बोलवायचं आन् दुसऱ्याला नाय, असं कसं? विश्वजीतनं तर म्हैसमाळवाल्यांना आणायला जीपबी ठरवली. हे दुधाचं सांगून आले आत्ता.” मालनबाईंचा आवाज खाली आला. “पण एक अडचण हाय. घरात सतरंजी एकच. हे म्हणतेत, पहिलवान भिंतीकडं आन् मांत्रिक पार दाराकडं, मधी जागा ठेवू. तूच सांग बाई, तुझं काम हे. ह्यांना जवळ बसवायचं का लांब?”

दोन वर्षांत पहिल्यांदाच विशाखाला या प्रश्नावर विचार करावा लागला नाही.

“जवळ बसवा, मावशी,” ती म्हणाली. “मी सकाळीच येते. कप धुवायला.”