अंबिकाच्या जागी बदली

नोकरी कशी टिकवावी हे अख्ख्या लालबागेत गुणाजी परबाइतकं कुणाला कळत नसे. निदान गुणाजीचं तरी तसं ठाम मत होतं. त्याची स्वतःची नोकरी संपात गेली त्याला वीस वर्षं होऊन गेली होती, पण म्हणून सल्ला थोडाच आटतो! चाळीतलं कुणी नव्या नोकरीवर निघालं, की तो जिन्यातच गाठून सांगायचा, "काय वाट्टेल ते कर, पण जागा रिकामी ठेवू नको."

त्याची मुलगी अंबिका लोअर परळच्या कॉल सेंटरात होती. बाप जिथे साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवायचा ती गिरणी पाडून तिथे काचेची इमारत उभी राहिली होती. तिच्यात बसून अंबिका विलायतेतल्या लोकांच्या वॉशिंग मशीनच्या तक्रारी ऐकायची. हल्ली मात्र तिचं हसू मावळलं होतं. तिचं काम आता मनिलाला जाणार होतं, कारण तिथली माणसं आणखी स्वस्तात फोन घेतात. काम शिकून घ्यायला तिथला एक साहेबही येणार होता. हे ऐकल्यापासून गुणाजीची झोप उडाली होती.

अशात पोरीचा घसा बसला. काढा पिऊन ती झोपली आणि गुणाजीचं डोकं चालू लागलं. गिरणीत कुणी आजारी पडलं, की गेटवर रोज वाट बघत बसलेल्यांपैकी एखादा बदली कामगार त्याच्या साच्यावर उभा राहायचा. मग पोरीच्या जागेवर परका बसण्यापेक्षा बाप काय वाईट? त्याने ठेवणीतला सफारी चढवला, तिचं कार्ड गळ्यात अडकवलं आणि निघाला.

गेटवर वॉचमन होता आनंदा, एकेकाळी त्याच्याच खात्यात साचे चालवणारा. बदली म्हणजे काय, हे त्याला समजावावं लागलं नाही. त्याने कार्डावरचा फोटोसुद्धा न बघता गुणाजीला आत सोडलं.

आत गारेगार हवा होती आणि शेकडो आवाजांची गुणगुण. एका खुर्चीवर अंबिकाची शाल दिसली. गुणाजी तिथे टेकला आणि त्याचे डोळे मिटले. त्याचे साचे इथेच कुठेतरी होते. हळूहळू ती गुणगुण साच्यांची झाली, हवेत कापूस तरंगू लागला, पायाशी पांढरंशुभ्र कापड उतरत राहिलं. संप झालाच नव्हता. फार बरं वाटलं त्याला.

कुणीतरी खांद्याला हात लावला. अंबिकाच्या वरिष्ठ ललिता मॅडम सफारीकडे आदराने बघत होत्या. मनिलाचे साहेब ते हेच, अशी त्यांची खात्रीच पटली होती. त्यांनी त्याला मजलाभर फिरवलं, सगळं इंग्रजीत समजावलं. गुणाजी अर्धवट झोपेत मान डोलवत मागे मागे फिरला. शेवटी त्यांनी काहीतरी विचारलं, तेव्हा तो खरं तेच बोलला. "बाई, पोरीचा घसा बसलाय. मी बदली."

मॅडमनी त्याच्या गळ्यात उलटं लटकलेलं कार्ड सरळ करून अंबिकाचा फोटो बघितला. मग हळूच म्हणाल्या, "काका, अंबिकाने सकाळीच मेसेज करून रजा घेतलीय. घरी जा."

गेटबाहेर फुटपाथवर एक परदेशी माणूस मांडीवर बॅग घेऊन घाम पुसत बसला होता. तोच मनिलाचा साहेब! आतल्या कामासाठी आलोय म्हणाला, तेव्हा आनंदाने त्याला गिरणीच्या दारात बदली कामगारांना मिळायचं ते जुनं उत्तर दिलं होतं, "जगह भर गया. कल आना."

गुणाजीला त्याच्याकडे बघून कसंसंच झालं. बदली असताना तोही याच दारात, याच उन्हात असाच बसायचा. त्याने साहेबाला टपरीवर नेऊन चहा पाजला आणि विचारलं, "परमनंट?"

साहेब ओशाळून हसला. "नो. कॉन्ट्रॅक्ट."

गुणाजीने त्याच्यासाठी आणखी एक चहा सांगितला. मग हातवारे आणि हिंदी, दोन्ही वापरून तो त्याच्याशी बराच वेळ बोलत बसला.

घरी अंबिका उठून बसली होती. "तुझी जागा घ्यायला आलेला माणूसपण बदलीच आहे गं," गुणाजी म्हणाला. "आज आनंदाने त्याला आत घेतलंच नाही."

कितीतरी दिवसांनी पोरीचा चेहरा उजळला. बसक्या आवाजात तिने विचारलं, "मग गेला का परत?"

"छे! म्हटलं, उद्या लवकर ये, पहिला उभा राहा," गुणाजी चपला काढत म्हणाला. "आनंदालापण सांगून ठेवलंय."