ऊ, एकवचन

आमचे तिनसर दर वर्षी पहिल्या तासाला फळ्यावर स्वतःचं नाव लिहितात: ऊ तिन. वर्ग हसतो. हसू ओसरेपर्यंत सर हातावरचा खडू झटकत उभे राहतात. मग म्हणतात, "हसा, पण व्याकरण सांभाळून. ऊ एकवचन हाय. तीन असत्या तर 'उवा' लिवलं असतं."

सर ब्रह्मदेशाचे. तिथल्या विद्यापीठात पाली शिकवत. सरकारला न मानवणारा एक लेख लिहिला, पोलीस दारात यायच्या आत डोंगर ओलांडले आणि फिरत फिरत नागपुरात आमच्या कॉलेजात पालीचे प्राध्यापक झाले. मी शेजारच्या मराठी विभागात. सर मराठी माझ्याकडून शिकलेले नाहीत, हे मला प्रत्येक नव्या प्राचार्यांना सांगावं लागतं. ते शिकले वाडीत, ट्रकवाल्यांच्या वस्तीत, गिरजाबाईंच्या भाड्याच्या खोलीत. त्यामुळे "काहून गा, विभक्ती कुठी ठेवून आला? सायकल स्टँडवर?" असं ते भर वर्गात विचारतात. मुलं बहुतेक बौद्ध घरांतली, पालीतली बुद्धवंदना पाळण्यात असल्यापासून पाठ असलेली. सर तिचा एकेक प्रत्यय सोडवून दाखवतात. त्यांच्या तासाला कोणी दांडी मारत नाही. दांडी मारायला माझा तास आहे.

गिरजाबाईंनी पहिल्या दिवशी नाव विचारलं. सर म्हणाले, "ऊ." बाई आत गेल्या आणि बारीक दातांची फणी घेऊन आल्या. इकडे पाहुण्याचं असंच स्वागत होत असावं, असं समजून सरांनी ती वाकून घेतली. अजून तिनंच भांग पाडतात.

कॉलेजच्या ऑफिसनं ऊ म्हणजे उत्तमराव असं ठरवून टाकलं. ओळखपत्रावर सर उत्तमराव तिन आहेत. गिरजाबाई नुसतं 'मास्तर' म्हणतात.

परवा सरांनी खोलीच्या दारावर पाटी लावायला घेतली. गिरजाबाई दारातच बसल्या. "मास्तर, सारी वस्ती हसन. माह्या दारावर ऊ नाही लागणार."

मी मध्यस्थीला गेलो होतो. म्हटलं, "सर, नुसतं 'तिन' लिहा ना. एका अक्षरानं काय बिघडतं?"

सर बाहीनं पाटी पुसत म्हणाले, "घर सोडलं तेव्हा लोक मले 'को तिन' म्हणत. को म्हणजे दादा. माणूस पिकला का त्याले 'ऊ' म्हणतात, म्हणजे काका. ते आपण नाही लावून घेत गा. आपल्याहून लहान लोक लावतात. पुतणे, गल्लीतले, जुने विद्यार्थी. तिथं राहिलो असतो तर मलेबी लावलं असतं कोणी. इथं कोण लावन? म्हणून मीच लावून राहिलो."

मी पाटी उचलून दाराशी धरली.

गिरजाबाई उठून आत गेल्या. थोड्या वेळानं कपबशी घेऊन बाहेर आल्या आणि सगळ्या वस्तीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ऊ तिन, चहा घ्या!" समोरच्या ट्रकखालून डोकं बाहेर काढून कुणीतरी फिस्सकन हसलं. बाईंनी तिकडे असं पाहिलं की हसणारा पुन्हा ट्रकखाली गेला.

बाई सरांहून चांगल्या दहा वर्षांनी मोठ्या. म्हणजे नियमानं त्यांनी ऊ म्हणणं चूक होतं. सरांनी चूक दुरुस्त केली नाही. कपबशी त्यांनी वाकून घेतली.

"साखर बराबर हाय," ते म्हणाले. चहा अजून त्यांनी तोंडाला लावलाच नव्हता.